रॉबर्ट बर्ड यांचें आत्मवृत्त : एक साधन-परीक्षण

१

सनदा, महजर, निवाडे, कैफियती व बखरी यांची चर्चा करावयाची, हा या त्रैमासिकाचा शिरस्ता. त्यांत अमेरिकेच्या एका सेनेट-सभासदाचें आत्मवृत्त घेऊन येणें कित्येकांस विक्षिप्तपणाचें वाटेल. परंतु ज्या प्रश्नासाठीं आम्हीं हें पुस्तक हातीं घेतलें, तो प्रश्न आपल्या नित्याच्या परिचयाचा आहे. एका मनुष्यानें उतारवयांत आपल्या तरुणपणाची हकीकत लिहिली. त्याचीं तरुणपणचीं पत्रें दुसऱ्यांच्या दप्तरांत शाबूत राहिलीं. आणि दोहोंचा मेळ बसेना. अशा वेळीं अभ्यासकानें कोणाचें म्हणणें प्रमाण मानावें? १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढतांना राजवाड्यांनीं बखरींची जी झडती घेतली, तेव्हांपासून समकालीन पत्र हें मागाहून लिहिलेल्या हकीकतीपेक्षां बलवत्तर, हा नियम आपल्यांत रूढ झाला आहे. तोच नियम एका परदेशच्या आणि अगदीं अलीकडच्या चरित्रास लावून पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

रॉबर्ट कार्लाइल बर्ड हे वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे प्रतिनिधि म्हणून अमेरिकेच्या सेनेटमध्यें ३ जानेवारी १९५९ पासून २८ जून २०१० रोजीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे एक्कावन्न वर्षांहून अधिक काळ, बसले. त्यापूर्वीं सहा वर्षें ते प्रतिनिधिसभेंत होते. सेनेटमधील इतकी दीर्घ सेवा दुसऱ्या कोणाचीहि नाहीं. दोन्ही सभागृहांचा काळ मिळून त्यांचा जो उच्चांक होता, तो मात्र प्रतिनिधिसभेचे सभासद जॉन डिंगेल यांनीं २०१३ मध्यें ओलांडला. बर्ड नऊ वेळां सेनेटवर निवडून आले, आणि तेथें त्यांनीं अठरा हजार सहाशेंहून अधिक वेळां मत नोंदविलें. आपल्या प्रयोजनाचें असें त्यांचें लेखन तीन प्रकारचें आहे : सेनेटचा चार खंडांचा इतिहास (१९८८ ते १९९४), रोमन प्रजासत्ताकाच्या सेनेटवरील चौदा भाषणें (१९९३; ग्रंथरूपानें १९९५), आणि ‘चाइल्ड ऑफ दि ॲपलेचियन कोलफील्ड्स’ हें आत्मवृत्त (२००५). साधन म्हणून या तिन्हींची किंमत सारखी नाहीं. ती कोठें किती, हें ठरविण्याचा प्रयत्न आम्ही येथें करीत आहों.

२

प्रथम नांव व जन्मतिथि. कारण चरित्राचा पाया तेथेंच, आणि येथें तो पायाच निसरडा आहे. आज बर्ड म्हणून जे ओळखले जातात त्यांचें मूळ नांव कॉर्नेलियस कॅल्विन सेल. जन्म २० नोव्हेंबर १९१७ रोजीं नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील नॉर्थ विल्क्सबरो येथें. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत आई वारली, भावंडें नातलगांकडे वांटलीं गेलीं, आणि हें तान्हें मूल टायटस व व्हलर्मा बर्ड या नातलग दांपत्याच्या पदरीं आलें. त्यांनीं त्यास नवें नांव दिलें आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखांत वाढविलें. आपलें मूळचें नांव त्यांस सोळाव्या वर्षीं कळलें. खरी जन्मतिथि तर चोपन्नाव्या वर्षीं. तोंपर्यंत ते आपला जन्म १५ जानेवारी १९१८ चा समजत होते, आणि जुन्या छापील संदर्भग्रंथांतहि तीच तिथि आढळते.

संग्राहकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. छापील ग्रंथांत, तेंहि प्रतिष्ठित ग्रंथांत, एखादी मिति सर्वत्र एकसारखी आढळली म्हणजे आपण निर्धास्त होतों. पण दहा ग्रंथांनीं एकाच माणसाच्या सांगण्यावरून ती घेतली असेल, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच. आणि तो साक्षीदार स्वतःच अज्ञानांत असूं शकतो. आपल्या जन्माची साक्ष स्वतः मनुष्य कधींच देऊं शकत नाहीं. ती त्यास दुसऱ्याकडून ऐकावीच लागते. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीविषयीं वर्षानुवर्षें चालत आलेली समजूत जेधे शकावलीनें कशी हालविली, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. येथें बर्ड यांजकडे लबाडीचा लेशहि नाहीं. चूक अगदीं निर्मळ आहे. आणि निर्मळ चूकच अधिक काळ टिकते.

पुढील क्रम थोडक्यांत असा. १९३४ सालीं शाळेंतून पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण. पण महाविद्यालयांत जाण्यास पैसा नाहीं. पेट्रोलच्या पंपावर चाकरी, मग खाटिकाचें काम. युद्धकाळांत बाल्टिमोर व टँपा येथील गोद्यांत जोडारी. नंतर सोफिया या गांवीं किराणा मालाचें दुकान. १९४६ मध्यें राज्याच्या कनिष्ठ विधिमंडळांत, १९५० मध्यें वरिष्ठ विधिमंडळांत, १९५२ मध्यें राष्ट्रीय प्रतिनिधिसभेवर निवड. सभासद असतांनाच दहा वर्षें रात्रीच्या वर्गांत बसून त्यांनीं कायद्याची पदवी मिळविली. १९६३ सालीं ती अध्यक्ष केनेडी यांच्या हस्तें त्यांस मिळाली. पहिली पदवी राहूनच गेली होती. ती त्यांनीं पाऊणशे वर्षें उलटल्यावर, १९९४ मध्यें, मार्शल विद्यापीठांतून घेतली. ज्यांनीं उभा जन्म शाळेच्या वर्गांत घालविला, त्या आम्हांस या विद्यार्थ्याविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं, हें आम्ही आधींच सांगून टाकतों. कारण पुढें जें लिहावयाचें आहे त्यांत आदराचा भाग थोडा येईल.

३

आतां मुख्य मुद्दा. चाळिसाच्या दशकाच्या आरंभीं बर्ड हे कू क्लक्स क्लॅन या संघटनेंत शिरले. अमेरिकेच्या यादवीनंतर जन्मलेली, १९१५ मध्यें पुनरुज्जीवित झालेली, आणि कृष्णवर्णीय, कॅथॉलिक व यहुदी लोकांस दहशत घालणारी ही गुप्त गोऱ्यांची संघटना होय. बर्ड तिच्यांत केवळ नांवापुरते नव्हते. क्रॅब ऑर्चर्ड येथें सुमारे दीडशे माणसें जमवून त्यांनीं शाखा उभी केली. ते तिचे भरतीप्रमुख होते आणि नंतर शाखाप्रमुखहि झाले. येथपर्यंत आत्मवृत्त व इतर पुरावा यांत भेद नाहीं. भेद आहे तो दोन बाबतींत : हा संबंध किती दिवस टिकला, आणि त्याच्या मुळाशीं काय होतें.

पहिली बाब मुदतीची. १९५२ च्या निवडणुकींत ही गोष्ट उघड झाली, तेव्हां बर्ड यांनीं जाहीर खुलासा केला. त्याचा आशय असा कीं, सुमारे वर्षभरांत आपला उत्साह मावळला, वर्गणी देणें थांबलें, सभासदत्व सुटलें, आणि त्यानंतरच्या नऊ वर्षांत आपण त्या संघटनेंत कधींहि रस घेतला नाहीं. बावन्नांतून नऊ वजा केले म्हणजे १९४३ येतें. परंतु त्याच निवडणुकीच्या लढतींत त्यांचें १९४६ सालचें एक पत्र प्रसिद्ध झालें. तें क्लॅनचे प्रमुख सॅम्युएल ग्रीन यांस लिहिलेलें आहे. त्यांत संघटनेची आज पूर्वीं कधीं नव्हती इतकी गरज आहे, आणि आपल्या राज्यांत व देशभर तिचा पुनर्जन्म व्हावा अशी आपली उत्कंठा आहे, असा मजकूर आहे.

कागद अस्सल कीं बनावट, हा प्रश्न आपण नेहमीं विचारतों. येथेंहि विचारला पाहिजे. बर्ड यांनीं तें पत्र आपलें नव्हे असें म्हटलें नाहीं, ही बाह्य साक्ष झाली. अंतर्गत साक्ष त्याहून बोलकी आहे. करांच्या थकबाकीच्या तगाद्यामुळें १९४४ मध्यें ती संघटना विसर्जित करण्यांत आली होती, आणि युद्ध संपल्यावर अटलांटा येथील हेच ग्रीन तिची पुन्हा उभारणी करीत होते. ‘पुनर्जन्म’ हा शब्द १९४६ सालींच शोभतो. १९४२ मध्यें तो निरर्थक झाला असता. सारांश, पत्र आपल्या काळांत बरोबर बसतें. बसत नाहीं तो १९५२ चा खुलासा.

दुसरी बाब हेतूची. आत्मवृत्तांत बर्ड सांगतात कीं, त्या शाखेंत डॉक्टर, वकील, धर्मोपदेशक, न्यायाधीश अशी प्रतिष्ठित मंडळी होती. जोएल बास्किन या वरिष्ठ अधिकाऱ्यानें आपल्या नेतृत्वगुणांची स्तुति केली आणि आपल्या मनांत एकाएकीं प्रकाश पडला. आपल्या बुद्धीस व महत्त्वाकांक्षेस वाट मिळेल असें वाटलें. आपली दृष्टि त्या वेळीं अरुंद व अपक्व होती. ही कबुली खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बास्किन यांच्या स्तुतीचा प्रसंग घडला असेल आणि त्यानेंच त्या तरुणाची नजर राजकारणाकडे वळली असेल. पण तिच्या शेजारीं दुसरें एक पत्र ठेवावें लागतें. महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास बर्ड यांनीं मिसिसिपीचे सेनेट-सभासद थिओडोर बिल्बो यांस तें लिहिलें. बिल्बो हे वर्णभेदाचे कडवे पुरस्कर्ते. सैन्यांत कृष्णवर्णीय मनुष्याच्या खांद्यास खांदा लावून आपण कधींहि लढणार नाहीं, असा त्या पत्राचा आशय असून भाषा अतिशय कठोर आहे. महत्त्वाकांक्षा हें कारण मान्य केलें, तर तें शाखा उभारणें व प्रमुख होणें यांचा उलगडा करील. या पत्राचा उलगडा तें करीत नाहीं. वेस्ट व्हर्जिनियाच्या एका अप्रसिद्ध मनुष्यास मिसिसिपीच्या सेनेट-सभासदाकडून एक मतहि मिळावयाचें नव्हतें. तेव्हां हें पत्र लिहिविलें कोणी? मतानें लिहिविलें, लोभानें नव्हे, असेंच म्हणावें लागतें.

येथें एक आक्षेप संभवतो. पत्रहि खोटें बोलूं शकतें. अर्जदाराचें पत्र, याचकाचें पत्र, खुषमस्कऱ्याचें पत्र हीं आपण रोज पाहतों. आक्षेप खरा आहे. म्हणूनच पत्र बलवत्तर हा नियम आंधळेपणानें लावावयाचा नाहीं. पत्र हें लिहिणाऱ्याचें अंतःकरण दाखवितेंच असें नाहीं. परंतु त्या दिवशीं त्या वाचकापुढें आपण कसें दिसावें असें त्यास वाटत होतें, हें तें खात्रीनें दाखवितें. उलट आत्मवृत्त हें साठ वर्षांनंतरच्या वाचकापुढें कसें दिसावें, तें दाखवितें. १९४० च्या दशकांतील बर्ड जाणून घ्यावयाचे असतील, तर पहिली साक्ष जवळची आणि दुसरी दूरची, एवढेंच आमचें म्हणणें.

दूरच्या साक्षीचा परिणाम कसा होतो, याचें उदाहरणहि हाताशीं आहे. २ जुलै २०१० रोजीं चार्ल्सटन येथें झालेल्या स्मरणसभेंत माजी अध्यक्ष क्लिंटन यांनीं क्लॅनशीं बर्ड यांचा संबंध क्षणिक होता, आणि तो डोंगराळ मुलखांतील एका तरुणाच्या निवडून येण्याच्या धडपडींतून आला, अशा आशयाचे उद्गार काढले. स्मरणसभेंत झडती घ्यावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु इतिहासलेखकानें हें वाक्य उचलण्यापूर्वीं मित्या ताडून पाहाव्या. शाखा उभारली ती पहिल्या निवडणुकीच्या कांहीं वर्षें अगोदर. आणि १९४२ पासून १९४६ पर्यंत ज्याचे धागे लागतात, त्या संबंधास क्षणिक म्हणतां येत नाहीं.

४

मग पश्चात्तापाचें काय? बर्ड यांनीं तो अनेक वेळां, जाहीरपणें व निःसंदिग्ध शब्दांत व्यक्त केला. आपण चुकलों, असहिष्णुतेस आपल्या देशांत स्थान नाहीं, आणि हा कलंक आपल्यामागें जन्मभर येत राहील, असें त्यांनीं म्हातारपणीं पुनःपुन्हा सांगितलें. कित्येक टीकाकार हा सर्व सोयीचा देखावा म्हणून झुगारून देतात. कित्येक भक्त त्या शब्दांवरच सर्व हिशेब मिटवितात. आमच्या मतें दोघेहि शब्दाजवळच थांबतात. पश्चात्ताप हा शब्दप्रमाणानें सिद्ध होत नाहीं. त्याचें लिंग आचरण. आणि आचरणाची नोंद सेनेटच्या मतपत्रांत मितीसह पडलेली आहे.

ती नोंद काय सांगते? १९६४ च्या नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध बर्ड ९ जूनच्या सायंकाळीं उभे राहिले, आणि रात्रभर बोलून १० जूनच्या सकाळीं बसले : चौदा तास तेरा मिनिटें. त्यानंतर लगेच सेनेटनें ७१ विरुद्ध २९ मतांनीं चर्चा बंद केली, आणि विधेयक संमत होण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६५ च्या मतदानहक्काच्या कायद्यासहि त्यांचा विरोध. १९६७ मध्यें थर्गुड मार्शल या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायमूर्तींच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीस विरोध. १९६८ च्या नागरी हक्कांच्या कायद्यास मात्र अनुकूल मत. १९८२ मध्यें त्यांचा एक तरुण नातू अपघातांत गेला. आपलें आपल्या मुलांवर जसें प्रेम तसेंच कृष्णवर्णीयांचें त्यांच्या मुलांवर, हा विचार त्या दुःखांत मनांत ठसला असें ते पुढें सांगत. १९८३ मध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाच्या राष्ट्रीय सुटीस त्यांनीं अनुकूल मत दिलें. २००१ मध्यें एका दूरचित्रवाणीच्या मुलाखतींत जुना तिरस्कारवाचक शब्द त्यांच्या तोंडून गेला, आणि त्यांस माफी मागावी लागली. मे २००८ मध्यें अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीं त्यांनीं बराक ओबामा यांस पाठिंबा दिला, तोहि आपल्या राज्यांतील पक्षाच्या मतदारांनीं दुसऱ्या उमेदवारास कौल दिल्यावर.

ही मालिका वाचून आमचें मत असें झालें कीं, पालट खरा आहे. पण तो एका रात्रींत झालेला नाहीं, आणि आत्मवृत्तावरून वाटतो तितका लवकर तर मुळींच सुरू झालेला नाहीं. १९४३ मध्यें संघटना सुटली असें गृहीत धरलें, तर १९६४ ची ती रात्र अनाकलनीय होते. १९४६ चें पत्र प्रमाण मानलें, तर ती समजते. म्हणजे ज्या पत्रानें त्यांची अब्रू गेली, तेंच त्यांच्या आयुष्याची संगति लावतें.

एक सूचना येथेंच करून ठेवतों. मार्शल (१९६७) व क्लॅरेन्स थॉमस (१९९१) या दोन्ही कृष्णवर्णीय न्यायमूर्तींविरुद्ध मत देणारे एकटे बर्डच, असें वाक्य वारंवार आढळतें. वाक्य खरें आहे. अनुमान मात्र खोटें. थॉमस यांजविरुद्ध अठ्ठेचाळीस सभासदांनीं मत दिलें, आणि त्यामागें एका स्त्रीनें केलेल्या गंभीर आरोपांचा प्रश्न होता. दोन भिन्न कारणांचीं मतें एका माळेंत ओवलीं, म्हणजे खऱ्या मण्यांचीहि माळ खोटी होते. बर्ड यांजवर प्रतिकूल लिहितांनाहि हा न्याय त्यांस मिळाला पाहिजे.

५

आतां सेनेटचा इतिहास. याचा आरंभ मौजेचा आहे. २१ मार्च १९८० रोजीं बर्ड यांच्या नातीच्या शाळेचा वर्ग सेनेटच्या सज्जांत येऊन बसला होता; त्या मुलांसाठीं त्यांनीं सभागृहाच्या इतिहासावर चार शब्द सांगितले. त्यांतून पुढें दहा वर्षांत शंभरांहून अधिक भाषणें झालीं, आणि सेनेटच्या इतिहास-कार्यालयाच्या (स्थापना १९७५) साहाय्यानें त्यांचे खंड निघाले. पहिला खंड कालक्रमाचा, दुसरा विषयवार, तिसरा निवडक भाषणांचा, चौथा आंकड्यांचा व याद्यांचा. शाळेंतील मुलांपुढें आरंभ झालेल्या ग्रंथास आम्ही तरी नाक मुरडणार नाहीं.

या ग्रंथाची साधनें तपासतांना एक गोष्ट अवश्य जाणावी. पहिल्या पांचसहा वर्षांत सेनेट बंद दारांआड बसत असे. १७९५ च्या अखेरीस दारें उघडलीं. त्या काळच्या चर्चांचें अधिकृत वृत्त नाहीं. मग आपणांस त्या कळतात कशा? पेनसिल्व्हानियाचे विल्यम मॅक्ले हे सभासद १७८९ ते १७९१ पर्यंत रोज रात्रीं आपली रोजनिशी लिहीत. स्वभाव चिडखोर, सहकाऱ्यांविषयीं मत वाईट, उपाध्यक्ष ॲडम्स यांजवर तर विशेष रोष. ती रोजनिशी शतकभरानें संपूर्ण छापली गेली, आणि आज आरंभीच्या सेनेटचें तिच्यासारखें दुसरें साधन नाहीं. म्हणजे या थोर संस्थेचें बालपण आपणांस एका कुरकुऱ्या साक्षीदारामुळें दिसतें. सेनेटचा कोणताहि इतिहास मॅक्ले यांस टाळून लिहितां येत नाहीं. प्रतिकूल कागदाची किंमत सांगणारा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढील काळासाठीं १८७३ पासून चालू असलेलें ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ हें अधिकृत वृत्त आहे. पण तेंहि शब्दशः समजूं नये. बोलल्यानंतर आपलें भाषण सुधारण्याची, व न बोललेला मजकूर त्यांत घालण्याची सवलत सभासदांस असते. सभागृहांत बोलला न गेलेला मजकूर खुणेनें वेगळा दाखविण्याची पद्धत १९७८ मध्यें पडली. बर्ड हे तर लिखाणांत फार काटेकोर. तेव्हां त्यांचीं भाषणें म्हणून जें छापलें आहे, तें बोललेलें नसून बोलावेंसें वाटलेलें आहे असें समजून चालणें सुरक्षित.

खंडांचा दोष एकच, पण तो मोठा. ग्रंथाची नायिका सेनेट आहे, आणि नायिकेचे सर्व अवगुण गुण ठरतात. अखंड भाषणानें विधेयक अडविण्याची रीत ही अल्पमताची ढाल म्हणून वर्णिली जाते. ती ढाल १९६४ मध्यें कोणाविरुद्ध उचलली गेली होती, हें वाचकानें स्वतः आठवावें. शिवाय हेच बर्ड बहुमताचे नेते झाल्यावर (१९७७ ते १९८१, पुन्हा १९८७ ते १९८९) त्यांनीं त्याच ढालीस कात्री लावली. १९७९ मध्यें चर्चाबंदीच्या ठरावानंतरच्या कामकाजावर शंभर तासांची मर्यादा आली ती त्यांच्याच पुढाकारानें. नियमांचें इतकें सूक्ष्म ज्ञान असलेला दुसरा सभासद त्या काळांत नव्हता. म्हणून नियमांची उत्पत्ति, समित्यांची रचना, अधिकाऱ्यांच्या याद्या यांसाठीं हे खंड, विशेषतः चौथा, आम्ही निःशंकपणें हाताशीं ठेवावे असें म्हणूं. निवाड्यासाठीं मात्र दुसरीकडे जावें.

६

रोमवरील चौदा भाषणांचें प्रयोजन अगदीं निराळें. विनियोगाच्या विधेयकांतील एकेक रक्कम खोडण्याचा अधिकार अध्यक्षास द्यावा, अशी सूचना त्या वेळीं चर्चेंत होती. बर्ड तिचे कट्टर विरोधक. रोमच्या सेनेटनें तिजोरीवरील ताबा सोडला आणि प्रजासत्ताक हुकूमशहांच्या हातीं गेलें, असा दृष्टान्त त्यांनीं मे ते ऑक्टोबर १९९३ पर्यंत सांगितला. वक्तृत्व व पाठांतर या दृष्टीनें ही कामगिरी विलक्षण खरी.

परंतु दृष्टान्त म्हणजे हेतु नव्हे, हें न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्गांतच शिकवितात. दृष्टान्त आणि प्रस्तुत विषय यांत व्याप्ति दाखविली पाहिजे. रोमचें सेनेट लोकांनीं निवडलेलें नव्हतें. कायदे करण्याचा अधिकार लोकसभांचा होता, आणि सेनेटचे ठराव स्वरूपानें सल्ल्याचे होते. तिजोरीवर सेनेटचा ताबा होता याला पोलिबियसच्या सहाव्या भागाचा भक्कम आधार आहे, हें खरें. पण तो ताबा गेला म्हणून प्रजासत्ताक बुडालें, कीं प्रजासत्ताक बुडत होतें म्हणून ताबा गेला? सैन्य राज्याऐवजीं सेनापतीशीं एकनिष्ठ झालें, प्रांतांतील लुटीनें व्यक्ति संस्थेहून श्रीमंत झाल्या, इ. स. पूर्व ४९ मध्यें सीझरनें तिजोरी उघडली ती सेनेटनें ठराव करून दिली म्हणून नव्हे, तरवारीच्या जोरावर. बर्ड कार्यास कारण समजतात.

आणि मौज अशी कीं, त्यांच्या पक्षास रोमची गरजच नव्हती. अध्यक्षास तो अधिकार देणारा कायदा १९९६ मध्यें झाला. बर्ड प्रभृतींनीं त्याविरुद्ध लावलेली फिर्याद सर्वोच्च न्यायालयानें १९९७ मध्यें, फिर्यादींस दाव्याचा अधिकार नाहीं म्हणून, काढून टाकली. परंतु दुसऱ्यांच्या फिर्यादीवर १९९८ मध्यें तोच कायदा सहा विरुद्ध तीन मतांनीं घटनाबाह्य ठरला. निकाल लागला तो घटनेच्या शब्दांवर. ऑक्टोबर २००२ मध्यें इराकवर शस्त्र उचलण्याचा अधिकार अध्यक्षास देणारा ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनीं संमत झाला, तेव्हांहि तेविसांत बर्ड होते. १२ फेब्रुवारी २००३ रोजीं युद्धाच्या उंबरठ्यावर सभागृह मुकें कसें, असा त्यांनीं प्रश्न केला. तेथेंहि त्यांचा मुख्य आधार युद्धाचा निर्णय विधिमंडळाचा या घटनेच्या कलमाचा होता. जेथें ते कागदावर बोट ठेवतात तेथें ते अजिंक्य. जेथें दृष्टान्तावर विसंबतात तेथें दुबळे. त्यांच्या सर्व लेखनाचें हेंच सार आम्हांस वाटतें.

७

बर्ड यांचीं कागदपत्रें वेस्ट व्हर्जिनियांतील शेपर्ड्सटाउन येथें त्यांच्याच नांवाच्या अभ्यासकेंद्रांत ठेविलेलीं आहेत. त्या राज्यांत रस्ते, पूल, इमारती अशा कित्येक वस्तूंवर त्यांचें नांव आहे. खर्चसमितीचे प्रमुख म्हणून त्यांनीं आपल्या दरिद्री राज्याकडे पैशाचा ओघ वळविला. नांव सर्वत्र कोरलेलें आहे. पण या लेखांत आम्हांस जीं दोन पत्रें सर्वाधिक उपयोगीं पडलीं, तीं लिहिणाऱ्याच्या पेटींतून जगापुढें आलीं नाहींत. ग्रीन यांस धाडलेलें पत्र प्रसिद्ध झालें तें निवडणुकीच्या झुंजींत. बिल्बो यांस धाडलेलें त्यांच्या दप्तरांत, मिसिसिपीच्या एका विद्यापीठांत, राहिलें. पत्र धाडणाऱ्याच्या घरीं राहते ती फार तर नक्कल. अस्सल राहतें तें ज्यास धाडलें त्याच्याकडे. म्हणून कोणाचेंहि चरित्र लिहावयाचें असेल, तर प्रथम त्याच्या मित्रांचीं व शत्रूंचीं दप्तरें पाहावीं.

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्यांतील सद्गृहस्थांनीं आम्हांस घरचा रुमाल उघडून दाखविला. पाहतां पाहतां त्यांनीं एक कागद हळूच काढून खिशांत घातला. आम्हीं विचारलें, तेव्हां म्हणाले, “गुरुजी, हा नको. आजोबांचें नांव खराब होईल.” आम्ही गप्प बसलों, वयाचा व पाहुणेपणाचा संकोच आड आला. तो कागद पुढें कोणास दिसला नाहीं. आज बर्ड यांचें चरित्र वाचतांना त्या गप्प बसण्याचा आम्हांस खेद होतो. बर्ड यांचें १९४६ चें पत्र जर असेंच कोणाच्या खिशांत गेलें असतें, तर आपणांस एक वर्षाची चूक करून सावरलेला एक गृहस्थ तेवढा दिसला असता. पत्र राहिलें, म्हणून दिसतो तो निराळा मनुष्य : द्वेषांत खोल उतरलेला, त्यांतून बाहेर येण्यास आयुष्याचीं कित्येक दशकें लागलेला, आणि तरीहि आलेला. यांतील दुसरा मनुष्य अधिक मोठा आहे. आणि तो आपणांस त्याच्या आत्मवृत्तानें दिलेला नसून त्यास नकोशा असलेल्या कागदानें दिला आहे.

ज्यांच्या घरीं जुने रुमाल आहेत त्यांस आमची एवढीच विनंति : आजोबांचें नांव राखण्यासाठीं कागद फाडूं नये. आजोबांस न्याय मिळावयाचा असेल, तर तो सबंध रुमालावरूनच मिळेल.